पाहुण्यांचा गांजा, गावाचा गांजा

पानशेतच्या पाण्याकाठी आमची थोडी जमीन उरली, बाकीची धरणात गेली. त्या तुकड्यावर पावसाळा सरला की आम्ही नवराबायको तंबू लावतो. शनिवारी पुण्यातून पोरं येतात. चुलीवरचं मटण, शेकोटी, गाणी, आणि रविवारी खडकवासल्याच्या गर्दीत अडकत घरी. पूर्वी ही पोरं दारूच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणायची आणि गांजाचं नावही काढायची नाहीत. आता बाटल्या सरळ हातात असतात आणि जेवणं उरकली की एखादा बाजूला येऊन आदबीनं विचारतो, "काका, इथं चालतं ना?"

"काय चालतं?"

"तेच हो. स्टफ."

मी नाही म्हणतो. तो "ओके काका" म्हणतो. सकाळी तंबू झाडताना आमच्या हिला कळतं की माझ्या नाहीला किती मान होता. जेवणाच्या छापील यादीचे कोपरे फाटलेले असतात. त्या जाड कागदाची बारीक पट्टी वळून गांजाच्या विडीच्या ओढायच्या टोकाला बसवतात, म्हणजे चुरा तोंडात येत नाही. पिठलं-भाकरीचा भाव यादीतून गायब झाला की समजायचं, रात्री बैठक झाली. शेवटी हिनं यादी लॅमिनेट करून घेतली. आता आलेल्यांच्या नोंदवहीचा पुठ्ठा कुरतडला जातो.

माझ्या वडिलांना यात नवल वाटत नव्हतं. त्यांच्या लहानपणी देवळात गोसावी उतरायचे, चिलमीला ओलं फडकं गुंडाळून दम मारायचे आणि गाव त्यांना शिधा द्यायचं. घरातल्या कुणी ती चिलीम तोंडाला लावली असती तर मात्र सोयरीक मोडली असती. म्हणजे परक्याला सूट आणि घरच्याला शिक्षा, ही रीत जुनीच. गोसावी गेले, त्यांच्या जागी आयटीवाले आले, एवढंच.

सरकारचंही काही एक मत राहिलेलं नाही. इंग्रजी अमलात गांजाच्या दुकानांचे लिलाव होत. 1893-94 साली हेम्प ड्रग्ज कमिशन बसलं, त्यानं हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि सांगितलं की बेताच्या वापरानं फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा आणि लक्ष ठेवा. स्वातंत्र्यानंतर 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूच्या पंगतीला भांग-गांजाही बसला. 1961 साली अमली पदार्थांचा जागतिक करार झाला. आमच्याकडे ते साल वेगळ्याच कारणानं लक्षात आहे, 12 जुलैला आमचं पानशेत धरण फुटून पुणं बुडालं. पुढं 1985मध्ये दिल्लीनं एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा केला. त्यात फुलोरा म्हणजे गांजा, पण नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून काशीत भांगेची परवान्याची दुकानं चालतात. वडील म्हणायचे, झाड एकच, मग पान देवाला आणि फूल कोर्टाला का?

आमच्या वाडीतल्या एका पोराचं जे झालं, ते मी जवळून पाहिलं. पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटरसाठी पहाटे धरणाच्या रस्त्यावर पळायचा, त्याचे बूट आमच्या पडवीत वाळत असत. एका रात्री मित्रांबरोबर बसला आणि खिशात पुडी सापडली. 1 किलोपर्यंतचा गांजा कायद्यात अल्प प्रमाण धरला जातो, आणि त्याच्याकडे तर चिमूटभर होता. तरी पंचनामा झाला, तारखा पडू लागल्या. भरतीच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना असतो. त्यानं पळणं सोडलं. पारावर बसणारी माणसं, ज्यांच्या तोंडात तंबाखूचा बार असतो आणि ज्यांना संध्याकाळी देशी लागते, तीच त्याला गंजेडी म्हणू लागली. त्याच्या आईनं पाणवठ्यावर जायची वेळ बदलली. आणि त्याच हंगामात आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्यानं मला थायलंडमधल्या गांजाच्या दुकानातले फोटो कौतुकानं दाखवले होते.

माझी चुलतबहीण अमेरिकेत ओक्लाहोमात असते. चर्चवाल्यांचं, जुन्या वळणाचं राज्य. तिथल्या लोकांनी 26 जून 2018ला औषधी गांजाला मतदानानं परवानगी दिली, 57 टक्क्यांनी. पुढं मार्च 2023मध्ये नुसत्या हौसेसाठी मोकळीक मागितली, तेव्हा त्याच लोकांनी ती फेटाळली. दुखण्याला हो, चैनीला नाही. बहीण सांगते, शेजारची म्हातारी सांधेदुखीसाठी उघड घेते, पण आपली मंडळी गणपतीला जमली की या विषयावर गप्प. भीतीही खरी आहे. राज्यात परवानगी असली तरी तिथल्या केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच, आणि नागरिकत्व मिळायचं बाकी असलेल्याला ते अडचणीत आणू शकतं.

आपल्याकडेही हलायला लागलं आहे. उत्तराखंडानं 2018 साली औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, हिमाचल त्याच वाटेवर आहे. 2020च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्यावर मतदान झालं, तेव्हा भारतानं बाजूनं हात वर केला. केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेल्या आणि 2019 साली आलेल्या पाहणीत गांजा-चरस ओढणारे 1 कोटी 30 लाख निघाले. एवढ्यांवर खटले भरायचे तर तुरुंग आणायचे कुठून?

मला गांजाचं दुकान नको आहे, आमच्या रस्त्यावर तर मुळीच नको. कोवळ्या वयात डोकं बिघडलेली पोरंही मी पाहिली आहेत. पण ओढणाऱ्या पोराला गुन्हेगार करून काय साधलं, हे वाडीत मला कुणी सांगू शकलेलं नाही. पोती आणणाऱ्याला धरा, पुडीवाल्या पोराला दवाखान्यात न्या.

कायदा बदलेपर्यंत आमच्याकडे येणाऱ्यांना एक विनंती आहे. एनडीपीएसचं कलम 25 म्हणतं की जागेच्या मालकानं माहीत असून गुन्हा होऊ दिला, तर शिक्षा त्यालाही तीच. तेव्हा पुडी घरी ठेवून या. आणि सुटतच नसेल, तर येरवड्याला 1986पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. त्याच कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे, व्यसनी माणसानं स्वतःहून शासनमान्य ठिकाणी उपचार घेतले तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट मिळते. उपचार मात्र पुरे करावे लागतात.