मुंबईच्या पर्जन्यवृक्षावर आपलाच मिलीबग

सीताफळाची बाग ताणावर सोडलीय, म्हणून चार दिवस लेकीकडं चेंबूरला आलोय.

इथं रस्त्याच्या दोन्ही अंगाला पर्जन्यवृक्ष आहेत. झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण सावली अशी की एका झाडाखाली रिक्षा स्टँड, वडापावची गाडी आणि चावीवाला, तिघांचं पोट चालतंय. दिवस मावळला की पानं मिटून घेतं.

काल बघतो तर त्यातली दोन झाडं वाळलेली. तिसऱ्याच्या खालच्या फांदीवर पांढरा कापूस. मिलीबग! खोडावरनं मुंगळ्यांची रांग. मिलीबग गोड चिकटा सोडतो, मुंगळे तो खातात आणि त्याची राखण करतात. चिकट पानांवर काळी बुरशी चढलेली. बुंध्याला चारी बाजूनं काँक्रीट. मुळाला पाणी कुठनं मिळणार, हवा कुठनं? असं दमलेलं झाड किडीला लवकर बळी पडतं.

रिक्षावाला म्हणाला, "काका, हेही गेलं तर मे महिन्यात आम्ही उभं कुठं राहायचं?"

ज्यांची पोरं मुंबईत आहेत त्यांनी एवढं सांगा. बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढून माती मोकळी करायला वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. खोडाला चिकटपट्टी लावली की मुंगळे वर चढत नाहीत. खाली माणसं बसतात, तिथं विषारी फवारणी नको. आपण बागेत सोडतो ते क्रिप्टोलेमस भुंगेरे इथंही सोडता येतील. आणि वाळलेल्या फांद्या पावसाच्या आधी उतरवून घ्यायला सांगा. वारं सुटल्यावर फांदी खाली कोण उभं आहे ते बघत नाही.