‘स्त्री’ लिहायला सहा बटणं

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ३६ व्या वर्षी, मी बी.एड.ला नाव घातलं. एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. पण नुसती बी.ए. म्हणून दरवर्षी जूनमध्ये ‘बघू’ हे उत्तर ठरलेलं. सासूबाई म्हणाल्या, “कर गं, पोरांचं मी बघते.” ह्यांनी फी भरली. एवढं घर पाठीशी उभं राहिल्यावर नापास व्हायची सोय उरत नाही, हे तुम्हाला का सांगायला हवं!

पूर्वी वर्षभरात उरकणारा बी.एड. २०१४ च्या नियमावलीनं दोन वर्षांचा केला. त्यात शाळेतल्या कामाचे २० आठवडे आहेत आणि तंत्रज्ञानाचाही एक भाग आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या आराखड्यातलं त्याचं नाव मोठं भारदस्त – माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची चिकित्सक जाण. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता : टाइप केलेलं पाठ टाचण, मार्कांचा एक तक्ता, एक पीपीटी आणि ती दाखवून घेतलेला एक पाठ.

तसं एम.एस.-सी.आय.टी.चं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. २००१ साली सुरू झालेला तो कोर्स आमच्या वेळच्या कितीतरी मुलींनी बारावीच्या सुट्टीत केला. प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात आणि विद्या पार पुसलेली, असं माझं झालं होतं. लॅपटॉप घरात होता, पण तो ह्यांचा. मी फक्त त्यावरची धूळ पुसायची.

कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रात्यक्षिकं तयार मिळतात, हे मला वर्गातल्याच एकीनं सांगितलं. तीनशे रुपयांत सातवीच्या ‘ऋतू’ या विषयाची झकास रंगीत पीपीटी पेन ड्राइव्हवर आली. मीही गुपचूप पर्समध्ये टाकली. घरी कोणाला बोलले नाही, यावरूनच काय ते समजा.

पाठाच्या दिवशी खिडक्या लावल्या, प्रोजेक्टर सुरू झाला आणि पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं नि उद्गारचिन्हं यांची खिचडी! मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ही कुठली भाषा?” वर्ग खो-खो हसला. मागे मार्गदर्शक मॅडम वही घेऊन बसलेल्या.

पर्समध्ये मोसंबं होतं. त्यात पेन्सिल खुपसली, एका मुलीला मोबाईलचा टॉर्च धरून मधे उभं केलं आणि मोसंबं जाईल तिकडं वळायला सांगितलं. पेन्सिल कललेलीच ठेवून, तिचं टोक सतत दाराकडेच राहील असं बघत मी तिच्याभोवती फिरले. एका बाजूला वरच्या अर्ध्या भागावर जास्त उजेड, पलीकडे गेल्यावर खालच्या. “म्हणजे आपल्याकडे उन्हाळा असताना खाली हिवाळा!” असं तोच मागच्या बाकावरचा मुलगा ओरडला.

पाठ संपल्यावर मॅडमनी विचारलं, “पीपीटी तुम्हीच केली होती ना?”

मी “हो” म्हटलं.

२५ पैकी २२ मिळाले. त्या रात्री झोप नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना मी काय काय बोललेय! चौथ्या दिवशी मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “अहो, बऱ्याच जणी तिथूनच आणतात. जर्नलवर सही झालीय, आता उकरू नका.” सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला, कुणाचा, ते धड कळेना.

मग दुपारची झोप सोडली. अक्षरांचा तो घोळ का झाला, हे चिरंजीवांनी समजावलं. दुकानदाराचा फाँट जुन्या पद्धतीचा. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. शाळेच्या संगणकावर तो नव्हता, म्हणून मुखवटा गळला. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे असं होत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक शिकले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘स्त्री’ लिहायला सहा बटणं दाबावी लागतात. सासूबाई म्हणाल्या, “मग, लागणारच!”

चार स्लाइड करायला तीन आठवडे गेले. सर्वांत जास्त वेळ चित्र निवडण्यात गेला. एक फार देखणं चित्र मिळालं होतं, पण त्यात पृथ्वीची कक्षा इतकी लांबट काढलेली, की मुलांना वाटावं, सूर्यापासून दूर गेलं की हिवाळा. खरं तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, आणि आपण तेव्हा स्वेटर घालतो! ते चित्र टाकून दिलं. दुकानातल्या पीपीटीत नेमकं तसलंच होतं, हे तेव्हा लक्षात आलं. अक्षरं नीट उमटली असती, तर मी तेच शिकवून २२ मार्क घेतले असते.

स्वतःच्या शाळेत तो पाठ पुन्हा घेतला. आधी मोसंबं, मग स्लाइड. मार्क द्यायला कोणी नव्हतं.

यंदा शेजारची सून बी.एड.ला बसली आहे. परवा दारातूनच विचारत होती, “ताई, ते पीपीटीवाले दुकान कुठं हो?” मी म्हटलं, “दुपारी तीनला लॅपटॉप घेऊन ये.” पत्ता दिला नाही. तोंड जरा वाकडं झालं तिचं. पण काल आली होती. ‘ज्ञ’ सापडेना म्हणून अर्धा तास दोघी शोधत बसलो, चहा उतू गेला.