मूठ

माणसाला कसला तरी नाद असावा, असे म्हणतात. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी अडकित्ते. अडकित्तेवाल्याकडे लोक कौतुकाने पाहतात. पण मराठीचा मास्तर जुन्या संगिनीचा गंज काढत बसतो म्हटले, की समोरच्याचा चहाचा कप ओठाशी थबकतो. "कवितेला कंटाळलात की काय?" असे एका स्नेह्याने मला विचारलेही.

एक खुलासा आधीच करतो. संगीन माझी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवार आणि खंजीर यांच्या पंक्तीला संगीनही नाव घेऊन बसवलेली आहे. तेव्हा अशी वस्तू हौसेने खुंटीला टांगावी, असे दिवस नाहीत. जळगावला आमच्या गल्लीत आप्पा राहतात, ऐंशी उलटलेले निवृत्त सुभेदार. संगीन त्यांची, परवाना त्यांचा. गंज तेवढा माझ्या वाट्याचा.

सवयीप्रमाणे मी आधी शब्दाला हात घातला. फारसीत 'संग' म्हणजे दगड. संगीन म्हणजे दगडासारखे, पक्के, जड. इंग्रजी 'बायोनेट'चा संबंध फ्रान्समधल्या बायोन गावाशी लावतात. तिकडे नावात गाव आले, इकडे दगड. हातात घेतल्यावर मला आपलाच शब्द खरा वाटला.

ही १९०७ च्या नमुन्याची. '३०३' रायफलीच्या तोंडावर चढणारी, सतरा इंच पात्याची. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात बनलेल्या पुष्कळ संगिनींचे पाते बारा इंचांवर आणले गेले. ही त्याआधीची, लांब. गंजाखालून मुठीजवळ 'आर. एफ. आय.' ही अक्षरे वर आली, म्हणजे कलकत्त्याजवळच्या ईशापूरचा रायफल कारखाना. शेजारी एक फुली होती. पाते वाकवून पाहिले आणि ते पुन्हा सरळ झाले, एवढेच ती फुली सांगते. माणसांवर अशी फुली मारायची सोय असती, तर मुलाखती घेणाऱ्यांचे किती श्रम वाचले असते!

गंज काढणे हे शुद्धलेखन तपासण्यासारखे काम आहे; उत्साह फार झाला की मजकूरच जातो. घरची पितळी भांडी चिंचेने लखलखतात, म्हणून लोखंडालाही चिंच लावू नये. आंबट त्याला खाते. सहाणेच्या चाकावर धरले तर अक्षरे पुसली जातात. रॉकेलमध्ये भिजवावे, पितळेच्या बारीक तारेने तांबडा गंज हलकेच उचलावा, आणि खाली जो काळसर थर लागतो तो तसाच राहू द्यावा. तो गंज नव्हे, वय आहे.

अडचण मुठीची होती. मूठ म्हणजे पात्याच्या शेपटाला दोन बाजूंनी बसवलेल्या अक्रोडाच्या दोन फळ्या आणि आरपार गेलेले दोन स्क्रू. स्क्रू दोन दिवस तेल पिऊन ढिले झाले. एक फळी उभी चिरली होती आणि दुसरी कडेने कुजली होती. चिरलेल्या फळीवर कुणीतरी टोकदार वस्तूने 'म' कोरला होता. देवनागरी 'म'. चीर बरोबर त्याच्या काठीतून गेलेली.

आता 'म' म्हणजे कोण? माधव, महादू, की गावाकडे राहिलेली मंजुळा? मास्तराच्या डोक्याला तेवढे पुरे. मी आप्पांना म्हटले, "ही फळी सरसाने जोडू. अक्षर राहिले पाहिजे."

आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. १९६३ साली ते भरती झाले, तेव्हा रंगरूट म्हणून अशीच मूठ त्यांच्या हातात आली होती. बरोबर भरती झालेला पारोळ्याकडचा मित्र १९६५ च्या लढाईतून परतला नाही. ही संगीन त्याची नव्हे; नोकरी संपल्यावर आप्पांनी ती जुन्या लष्करी मालातून रीतसर घेतली. पण शिक्षणाच्या मैदानावर ते आणि तो शेजारी उभे राहून जे धरीत, ते असेच काहीतरी.

"सर, अक्षर जपा," ते म्हणाले. "पण मला ती धरायची आहे. जोडलेली मूठ हातात कुरकुरते."

मग आम्ही एरंडोल-पारोळा करीत धुळ्याला गेलो. तिथल्या एका सुतारमिस्त्रींकडे पाडलेल्या घराच्या खांबाचा अंजनाचा तुकडा होता. सातपुड्यातले हे लाकूड पाण्यात टाकले तर बुडते आणि करवतीचे दात खाते. मिस्त्रींनी जुन्या फळ्या समोर ठेवून तशाच नव्या उतरवल्या आणि विचारले, "म पण कोरू का?"

मोह झाला, खोटे कशाला बोलू! पण आम्ही धुळ्यात होतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावी गेले. त्यांचे दप्तर सांभाळायला १९२७ साली इथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदात फाटलेली जागा दिसली तर ती फाटलेलीच दाखवायची, तिथे आपल्या पदरचे अक्षर घालायचे नाही, हा धडा मी दरवर्षी वर्गात देतो. नवी फळी कोरीच राहिली. तिला रंगवून जुनीही केली नाही. 'म'ची फळी मलमलीत गुंडाळून आप्पांच्या पेटीत गेली.

वाटेत एका शिकलगाराने पात्याला हलकी शिकल दिली आणि धंद्याच्या सवयीने विचारले, "धार?"

"नको," आप्पा म्हणाले. "संगिनीला धार लढाईवर निघताना लावतात. आता कुठे निघायचं आहे?"

संग्रहालयात शस्त्रे मांडतात तेव्हा आपले डोळे पात्यावरच जातात. पण पात्याचा संबंध समोरच्याशी. ज्याने ते धरले, त्याचा घाम, त्याची भीती आणि त्याचा रिकामा वेळ लागतो तो मुठीला. म्हणून इतिहास पात्यावर लिहिला जातो आणि 'म' मात्र मुठीवर.

स्क्रू आवळले, जवसाच्या तेलाचा हात फिरवला आणि संगीन आप्पांच्या हाती दिली. हात नेहमीसारखा कापत होता. त्यांनी डोळे मिटले, बोटे एकेक करून बसवली.

"अंमळ जाड झाली," ते म्हणाले.

मी कानस पुढे केली.

"राहू द्या. धरून धरून झिजेल."

अंजन हे आपल्याकडच्या सर्वांत कठीण लाकडांपैकी एक आहे. मी कानस पिशवीत टाकली.