सांडव्यावरची पोती

श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीच्या बैलबाजारात खोंडाचे नुसते दात पाहून त्याचे वय अचूक सांगणारा शेतकरी गावच्या तलावावर उभा राहिला की त्याला पाण्याखेरीज दुसरे काहीच दिसत नाही, ही गोष्ट पाटबंधाऱ्याच्या नोकरीत माझ्या फार लवकर ध्यानात आली. भीमा आणि घोड जवळून वाहत असल्या तरी हा तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही बराचसा भाद्रपद-आश्विनात विजांसह कोसळणारा, त्यामुळे आठ महिने कोरडा राहणारा ओढा एखाद्या रात्री थेट वस्तीत शिरतो.

१९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या मस्टरवर जे पाझर तलाव झाले, त्यांची रचना साधी असते. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग आणि एका बाजूला सांडवा. काळी माती पाणी धरते खरी, परंतु वैशाखात उघड्या रानात तिला पडलेल्या भेगांत मी मनगटापर्यंत हात घातलेला आहे. तिला मुरमाखाली झाकून ठेवण्याचा बंदोबस्त त्यासाठीच.

असा तलाव भरलेला असला तरी पुराचा जोर मोडतो, कारण सांडव्याच्या उंबऱ्यावर चढणारे पाणी तेवढा वेळ तलावभर पसरून राहते आणि ओढ्यात हळूहळू उतरते. पूरनियंत्रण म्हणतात ते हा उंबरा आणि बांधाचा माथा यांमधल्या रिकाम्या जागेत असते. पण दुष्काळी मुलखात रिकामी जागा सगळ्यांच्याच डोळ्यांत सलते. एका भाद्रपदात तपासणीला गेलो, तर सांडव्यावर मातीच्या पोत्यांची अर्धा मीटर उंच रांग लावलेली! जवळच उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सायेब, पाऊस गेल्यावर पाणी तुमी आणून देणार हाय का?"

त्याच्या प्रश्नाला माझ्या दप्तरात उत्तर नव्हते. हिशेब मात्र होता. सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो, म्हणून एक मीटर पाण्यासाठी बांधलेल्या सांडव्यावर अर्धा मीटर पोती रचली की त्याची वहनक्षमता निम्म्यावर नव्हे, जवळजवळ एकतृतीयांशावर येते. उरलेले पाणी माथ्यावरून जाते, मागचा उतार धुपत धुपत घळ माथ्याकडे सरकते, आणि मातीचे धरण काही तासांत ओढ्याला मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले ते मोरीवरचा भराव खचून. तिथले प्रकरण निराळे, पण माथ्यावरून पाणी गेल्यावर मातीच्या धरणाची गय होत नाही, हे इथून तिथून सारखेच.

म्हाताऱ्याने हिशेब ऐकला, आणि पहिले पोते त्यानेच ओढून काढले. वाचकहो, मृग लागण्यापूर्वी आपल्या गावच्या तलावावर जाल, तेव्हा पाण्याआधी सांडवा पाहा; त्यावर पोती दिसली तर ती त्याच दिवशी उचलवा.