घरी असते म्हणजे मोकळी नसते

ज्येष्ठांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी असलेल्या या पाक्षिकात पीएच.डी.सारखा विषय पाहून तुम्हांला नवल वाटेल. पण पंचवीस वर्षांहून अधिक काळ गोंदिया जिल्ह्यात रुग्ण तपासताना हा विषय माझ्यासमोर दवाखान्यातच आला. माझ्या टेबलापुढे दोन खुर्च्या असतात. एका खुर्चीवर रुग्ण बसतो आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याला घेऊन आलेली व्यक्ती. अलीकडे या दुसऱ्या खुर्चीवर मांडीवर खुणा केलेल्या कागदांची चळत घेतलेली एखादी तरुण मुलगी, सून किंवा मुलगा वरचेवर दिसतो. ‘काय करतेस, बाळा?’ असे मी विचारले, की उत्तर आजोबा देतात, ‘काही नाही डॉक्टरसाहेब, घरीच असते. पीएच.डी. करून रायली.’

आजोबांच्या बोलण्यात नातीविषयीचे प्रेम असते, अभिमानही असतो. तरीही त्या उत्तराची पहिली दोन वाक्ये तिसऱ्याशी जुळत नाहीत. ‘घरीच असते’ असे एकदा ठरले, की आजीचे डोळे दाखवणे, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणणे, बँकेत हयातीचा दाखला देणे आणि पाहुण्यांचा चहा ही सारी कामे आपोआप तिच्याकडे जातात. नोकरीवर जाणाऱ्या भावाला कोणी सुट्टी मागत नाही. तिला मात्र सुट्टीच आहे, असे घर धरून चालते.

हे काम नेमके काय असते, ते आपण समजून घेऊ. प्रवेशानंतर पूर्वअभ्यास पुरा करावा लागतो आणि संशोधनाची रूपरेषा मंजूर करून घ्यावी लागते. मग माहिती गोळा करणे, ती पडताळणे, प्रकरणे लिहिणे आणि मार्गदर्शकांच्या सूचनांनुसार तीच प्रकरणे पुन्हा लिहिणे सुरू होते. आपल्या जिल्ह्यात संशोधनाला विषयांची वाण नाही. धानशेती आहे, मामा तलाव आहेत, सारस पक्षी आहे, सिकलसेलचा आजार आहे, झाडीबोली आहे. परंतु आपला जिल्हा ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्याचे विभाग आणि मुख्य ग्रंथालय नागपुरात आहेत. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. मार्गदर्शकांची अर्ध्या तासाची भेट घ्यायची, तर संशोधकाचा सबंध दिवस जातो. त्याच दिवशी आजीची सोनोग्राफी निघाली, तर घरात कोणती भेट पुढे ढकलली जाते, हे सांगायला नको.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची सारी सेवा संशोधन करणाऱ्या मुलीकडे आली. काही महिन्यांनी छातीत धडधडते म्हणून ती स्वतःच तपासायला आली. ईसीजी चांगला होता, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडचे अहवालही ठीक होते. झोपेविषयी विचारले तेव्हा ती हळूहळू बोलू लागली. सहा महिन्यांत मार्गदर्शकांकडे तिने एकही प्रकरण पाठवले नव्हते. त्याची लाज वाटून ती त्यांचा फोन उचलत नव्हती. फोन वाजला की धडधड सुरू होई. आणि घरात यातले कोणालाच काही ठाऊक नव्हते.

पुढच्या भेटीला मी वडील आणि भाऊ या दोघांनाही बोलावले. वडिलांची वाचा पुरती परतली नव्हती, पण समज शाबूत होती. सारे ऐकून त्यांनी मुलाकडे बोट दाखवले आणि दोन बोटे वर केली. दुपारचे दोन तास आणि आठवड्याचा एक दिवस आता भाऊ पाहील, असा त्याचा अर्थ निघाला. मुलीने मार्गदर्शकांना घरची परिस्थिती लेखी कळवली आणि जेवढी पाने तयार होती तेवढी पाठवली. प्रबंध अजून पूर्ण झालेला नाही. पण धडधड थांबली आहे आणि लेखन चालू आहे.

अशा वेळी नियमांचाही आधार असतो, हे कुटुंबाला माहीत असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना याहूनही दोन वर्षांची सवलत देता येते, मात्र एकूण काळ दहा वर्षांपुढे जाता कामा नये. स्त्री संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देण्याची तरतूद आहे. प्रत्येक सत्रात संशोधकाने सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. प्रगती असमाधानकारक वाटली, तर कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवणे हेही त्या समितीचे काम आहे. म्हणून अडचण लपवण्यापेक्षा ती मार्गदर्शकांना आणि विभागाला लेखी कळवणे हिताचे. ज्यांना बार्टी, सारथी किंवा महाज्योती यांसारख्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळते, त्यांच्या घरच्यांनी तो पैसा संशोधनासाठी आहे हे लक्षात ठेवावे. पुस्तके, प्रवास, छपाई यांवर तो खर्च व्हायचा असतो.

घराचा वाटा केवढा मोठा असतो, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. १९५४ साली ज्या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या भंडारा जिल्ह्यातच तेव्हा आपले गोंदिया होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधातही परीक्षकांनी बदल सुचवले, ते करून द्यावे लागले आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. या सगळ्या वर्षांत मुंबईत संसार ओढत होत्या रमाबाई. एवढ्या विद्वान पुरुषालाही खंड पडला, प्रबंध पुन्हा दुरुस्त करावा लागला, तर आपल्या घरच्या मुलीला वेळ लागतो म्हणून तिच्या बुद्धीवर शंका घेण्याचे कारण नाही.

आता आजोबा-आजींना थेट विनंती. ‘कधी संपणार?’ हा प्रश्न दररोज विचारू नका. रोवणी झाल्यावर मूळ धरले का, हे पाहायला आपण धान उपटत नाही. त्याऐवजी ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारा आणि ती सांगेल ते ऐका, सगळे समजले नाही तरी चालेल. तिचा विषय शेती, तलाव किंवा बोलीचा असेल, तर तुमच्या आठवणी तिच्या उपयोगाच्या असू शकतात. आपल्या औषधांची यादी वेळेसह मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, म्हणजे दर वेळी तिला हाक मारावी लागणार नाही. महिन्याच्या गोळ्या एकदम आणून ठेवा. तपासण्यांच्या तारखा ठरवताना विद्यापीठाच्या तारखा आधी विचारून घ्या. नियमित तपासणी दोन दिवसांनी पुढे गेल्यास सहसा बिघडत नाही. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एकाएकी हातापायातली शक्ती जाणे ही लक्षणे दिसल्यास क्षणभरही थांबू नये. तिच्या संकोचाने ती लपवणे तर मुळीच योग्य नाही.

घरातल्या कर्त्या माणसांनी शुश्रूषेची वाटणी करावी आणि ती कागदावर उतरवावी. दूर राहणाऱ्या मुलाला रोज येता येत नसेल, तर मदतनिसाचा खर्च उचलता येतो, महिन्यातून एक आठवडा येऊन राहता येते. दिवसाचे दोन-तीन सलग तास संशोधकाचे असावेत आणि त्या वेळी दाराबाहेरून हाक नको.

आणि तिच्या प्रकृतीकडेही लक्ष असू द्या. सततचे पित्त, मान आखडणे, डोकेदुखी, उशिरापर्यंत जागरण या तक्रारी टिकून राहिल्या, तर तपासून घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, आवडत्या गोष्टींत मन न लागणे, जेवण-झोप बिघडणे, माणसे टाळणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यांना आळस किंवा नाटक समजू नका. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाली, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. ज्येष्ठांच्या स्वतःच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

मार्गदर्शक प्रबंधाला दिशा देतात, परंतु त्यांच्या भेटीनंतर संशोधक परत येतो तो आपल्याच घरी. तेथे त्याला निवांत दोन तास आणि विश्वासाचा एक शब्द मिळावा. पुढच्या वेळी कोणी तुमच्या नातीविषयी विचारले, की ‘घरीच असते’ एवढ्यावर थांबू नका. ‘ती संशोधन करते’ असे सांगा, आणि ते तिच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात सांगा.