सांत्वनाची घाई

मोठ्या संकटांतून सुटून आलेल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशीं सांगतों, "झालें गेलें विसरून जा." हेतु शुद्ध असतो, पण हें सांत्वन त्याच्यासाठीं कीं आपल्या सोयीसाठीं, असा प्रश्न मला पडतो.

तुरुंगांत छळ सोसलेल्यांसाठीं डेन्मार्कमधील डॉक्टर इंगे गेनेफ्के या बाईंनीं १९८२ सालीं कोपनहेगन येथें उपचारकेंद्र काढलें. विजेचे झटके सोसलेल्याला हृदयपरीक्षेच्या साध्या तारांचीही धास्ती वाटते. दंतवैद्याच्या खुर्चीवर आडवें होणें नकोसें होतें. बाहेर फार वेळ तिष्ठत बसविलें तर कोठडी आठवते. म्हणून अशा केंद्रांत प्रत्येक तपासणी आधीं समजावून सांगतात. तळपायांवर मार खाल्लेल्यांना व्यायामोपचार देतात. शरीर सुटलें तरी मन सुटायला वेळ लागतो, हें तेथें गृहीतच धरलेलें असतें.

हेलन बॅम्बर ऐन विशींत, १९४५ सालीं, बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणींतून वांचलेल्यांच्या सेवेस गेल्या. गेलेलीं माणसें परत आणणें त्यांच्या हातीं नव्हतें. जवळ बसून ऐकणें तेवढें होतें. पुढें १९८५ सालीं छळपीडितांसाठीं त्यांनीं लंडनमध्यें संस्था उभारली, तिचाही पाया हाच.

आमच्या थोरल्या काकूंनीं यांतलें कांहींच वाचलें नव्हतें. पण दुःखी माणूस घरीं आला कीं त्या शेंगा सोलायला घेत आणि मूठभर त्याच्यापुढेंही ठेवीत. प्रश्न विचारीत नसत. सूप भरतां भरतां तो आपणच बोलूं लागे.

भरल्या घरांत उपदेश करणारे पुष्कळ असतात. २६ जून हा छळपीडितांच्या साहाय्याचा जागतिक दिन. त्या दिवशीं आपल्या घरांत ऐकणारें कोण आहे, एवढें तरी पाहावें.