शेजारची सीट

एअरफोर्सच्या मुलाखतीहून परत आलो तेव्हा हॉस्टेलवर कुणालाच काही सांगितलं नाही. पायलटसाठीची ती मशीनवरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. मी ती घालवून आलो होतो. रूम पार्टनरने विचारलं तर म्हणालो, "रिझल्ट यायचाय."

रविवारी कर्जतहून खोपोली लोकल पकडली आणि मामाकडे गेलो. मामा एअरफोर्समधून रिटायर झालेला. त्याची बरीच वर्षं 'किरण'च्या इंजिनांवर गेली. मला मिग, सुखोई तोंडपाठ. किरण म्हणजे शिकाऊंचं विमान, एवढंच ठाऊक.

"सगळे आधी त्यातच बसले रे," मामा म्हणाला, "आणि ते बनवणारा आपला कोल्हापूरकडचा माणूस."

हे डॉ. विष्णु माधव घाटगे. १९३६ साली जर्मनीत गोटिंगेनला प्रांट्लच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. (याच प्रांट्लच्या बाउंडरी लेयरने मला फ्लुइडमध्ये केटी दिली!) बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या देखरेखीखाली आधी पंख्याचं एचटी-२ झालं, मग जेटचं किरण. ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं आणि १९६८ पासून ते हवाई दलाकडे येऊ लागलं. पुढे मार्क-२ ला जास्त ताकदीचं ऑर्फियस इंजिन बसवलं. १९९६ मध्ये सुरू झालेली 'सूर्यकिरण' कसरतीची टीम याच मार्क-२ वर होती.

२००९ मध्ये एचपीटी-३२ ही प्राथमिक शिक्षणाची विमानं अपघातांमुळे थांबवली, तेव्हा नवख्यांना शिकवायचं कामही किरणवरच आलं. विमानं कमी पडू लागली. २०११ मध्ये सूर्यकिरणच्या कसरती बंद करून ती विमानंसुद्धा शिकवायला लावली. पिलॅटस २०१३ मध्ये आलं. टाळ्या मिळवणारं विमान परत वर्गावर, हे मला फार आवडलं.

"किरणमध्ये मास्तर मागे नसतो, शेजारी बसतो," मामा म्हणाला. "पोराचा हात थरथरला की त्याला लगेच दिसतं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फ्लुइडचा फॉर्म भरलास का?"

भरला नव्हता. सोमवारी शेवटची तारीख होती.

परतताना पळसदरीला पाऊस लागला. रूमवर येऊन पार्टनरला खरं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं." मग मॅगी केली आणि त्याच्या फ्लुइडच्या नोट्स मागून घेतल्या.